करारात वखारीतल्या बायाही हव्यात

१९५६ साली निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. पुढे शहराला खेटून, पण महाराष्ट्राच्या हद्दीत, अर्जुननगरला देवचंद कॉलेज उभं राहिलं. त्यामागे तंबाखू व्यापारातले देवचंद शहा होते, आणि संलग्नता कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. घर कर्नाटकात, वर्ग महाराष्ट्रात, अशा पिढ्या तिथं शिकल्या.

शासन, उद्योग आणि विद्यापीठांच्या सहकार्य-करारांची भाषा ऐकली की आम्हाला हे कॉलेज आठवतं. आणि तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली महामार्गावर बसलेले शेतकरीही. त्यांच्यावर गोळीबार झाला होता. इथला पैसा त्यांच्या, वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायांच्या श्रमातून आला. अशा कराराच्या बैठकीत या सगळ्यांना खुर्ची हवी, त्याचा अहवाल मराठी-कन्नड दोन्हींत हवा. तंबाखूऐवजी काय पिकवायचं, हा त्यांचा प्रश्न विषयपत्रिकेत पहिला घ्या.