आधी नकाशा, मग उपग्रह

वाट दाखवणारा सायकल कंप्युटर घ्यायचा म्हटलं की चौकशी उपग्रहांपासून सुरू होते. जीपीएससोबत गॅलिलिओ आहे का, दुहेरी फ्रिक्वेन्सी आहे का? उंच इमारतींच्या गर्दीत दुहेरी फ्रिक्वेन्सीचा उपयोग होतो, हे खरंच. तरीही चेंबूरच्या सायकलस्वाराने यंत्राचा भरवसा आधी नकाशावरून जोखावा, असं माझं ठाम मत आहे. आपण कुठे आहोत हे इथे बहुतेकदा कळतंच. घोळ होतो तो पुढचा रस्ता सायकलला खुला आहे की नाही, यावर.

ईस्टर्न फ्रीवेचंच घ्या. जून 2013 मध्ये तो पांजरापोळपर्यंत खुला झाला आणि पुढच्या वर्षी घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडला जोडला गेला. चेंबूरहून फोर्टला जायला नकाशावर हाच रस्ता सगळ्यात सरळ दिसतो, आणि सायकलला तिथे मनाई आहे. मोटारीच्या हिशेबाने रस्ता काढणारं यंत्र बेलाशक तिकडे वळवणार. शिवाय उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता एकावर एक असले की उपग्रहांचाही फारसा आधार उरत नाही. सगळे उपग्रह डोक्यावरच असल्याने उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते. पडद्यावरचा बाण पुलावर असताना जिथे दिसतो, तिथेच पुलाखालीही दिसतो. तेव्हा चढ लागण्याआधीच ‘डावीकडे राहा, खालून जा’ हे कळायला हवं, आणि नकाशात तशी नोंद असेल तरच ते कळेल. गार्मिन, वाहू, हॅमरहेड यांचे सायकलचे नकाशे मुख्यतः ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले आहेत. 2004 मध्ये सुरू झालेला हा नकाशा स्वयंसेवक भरतात आणि सायकलबंदीही त्यात नोंदवता येते. एखादी नोंद राहून गेली असेल तर चेंबूरमधला कोणीही ती घालू शकतो. मात्र ती हँडलबारपर्यंत पोहोचते कंपनीने नकाशा अद्ययावत केला तरच. म्हणून दुकानात विचारायचा पहिला प्रश्न हाच: नवे नकाशे किती दिवसांनी येतात आणि त्याचे पैसे पडतात का?

मग मोबाइल काय वाईट, असं कोणीही विचारेल. सायनपर्यंत जाऊन यायचं तर काहीच वाईट नाही, आणि घरी बसून रूट आखायला तर तो उत्तमच. पण जुलैच्या सरीत ओल्या काचेवर बोट लागत नाही, उलट थेंबच पडदा सरकवत राहतात. मे महिन्याच्या उन्हात पडदा पूर्ण उजेडावर ठेवला की फोन तापतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. गुगल मॅप्सने डिसेंबर 2017 मध्ये भारतात दुचाकीचा पर्याय आणला, तो मोटरसायकलींसाठी; सायकलला त्याचा भरवसा नाही. आपल्या पावसाला बटणंच बरी. गार्मिनचा एज 540 निव्वळ बटणांवर चालतो. 840 ला टचस्क्रीनची जोड आहे, पण त्यासाठी जास्त पैसे मोजण्याचं कारण मला दिसत नाही.

स्थानिकाला यंत्र कशाला, हा आक्षेप चेंबूर नाका ते डायमंड गार्डन एवढ्यापुरता बरोबर आहे. पहाटेच्या अंधारात वाशीचा पूल ओलांडून लोणावळ्याकडे निघालं की कळंबोलीला एक्स्प्रेसवे फुटतो आणि सायकलला जुना महामार्गच धरावा लागतो. किमतीचा आक्षेप मात्र वजनदार आहे. नुसती रेघ दाखवणारी स्वस्त यंत्रं मिळतात आणि रूट नीट आखलेला असेल तर ती पुरतात. पण मेट्रोच्या कामासाठी रस्ता बंद असला की रेघेवरून उतरावं लागतं, आणि पुढचं त्या यंत्राला ठाऊक नसतं. लांब ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या सायकलफेऱ्या, करणाऱ्यांनी बॅटरीही पाहावी: 400 किलोमीटरला 27 तासांची मुदत असते, आणि 540 ची बॅटरी सगळं चालू ठेवून 26 तासांपर्यंत जाते, असं कंपनीच सांगते. म्हणजे बॅटरी बचतीचा पर्याय आधीपासून चालू ठेवायला हवा.

पैसे देण्यापूर्वी दुकानातच चेंबूर ते फोर्ट असा सायकलचा रस्ता त्या यंत्राकडून काढून घ्या. त्याने फ्रीवेवर चढवलं, तर दुसरं यंत्र दाखवायला सांगा.