पोरं वाया जात नाहीत, घालवली जातात

"पोरगं वाया गेलं." गल्लीत, कट्ट्यावर, शाळेच्या ऑफिसात हे वाक्य आपण सहज टाकतो. दोष पोराचा. शाळा, सरकार, समाज सगळे मोकळे. मला या वाक्याचा राग आहे, आणि तो का आहे हे सांगायला मी तुम्हाला थेट न्यूझीलंडला नेणार आहे.

तिथं 'अल्टरनेटिव्ह एज्युकेशन' नावाची सरकारी योजना आहे. वय १३ ते १५. ज्यांना शाळेनं पुन्हापुन्हा काढून टाकलं किंवा ज्यांनी शाळेत जाणंच सोडलं, अशा मुलांसाठी छोटी केंद्रं. देशातल्या एकूण विद्यार्थ्यांत माओरी मुलं साधारण चौथा हिस्सा. या केंद्रांत मात्र निम्म्याहून जास्त! एखादं पोर बिघडलं तर पोराकडे बघा. पण एकाच समाजाची पोरं वर्षानुवर्षं त्याच दारातून बाहेर फेकली जात असतील, तर दाराकडे बघायला नको?

ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी या मुलांच्या तब्येतीची पाहणी केली. नेहमीच्या शाळेतल्या मुलांपेक्षा इथं घरची ओढाताण जास्त, मारहाण सोसलेली आणि पाहिलेली मुलं जास्त, दारू-सिगारेट-गांजा जास्त, मन खचलेली मुलं जास्त. वर्तमानपत्राला मथळा मिळाला की बहुतेक लोक इथंच वाचायचं थांबवतात.

पण पुढचं वाचा ना. हीच मुलं सांगतात की या केंद्रात आम्हाला बरं वाटतं, इथल्या मोठ्या माणसांना आमची काळजी आहे. पोरगं तेच, घर तेच, गरिबी तीच. बदललं काय? त्याच्याकडे बघणारी नजर. मग 'वाया' कोण गेलं होतं, पोरगं की शाळा?

ही नजर एका दिवसात तयार झालेली नाही. १८६७ च्या नेटिव्ह स्कूल्स कायद्यानं माओरी गावांत इंग्रजी शिकवणाऱ्या शाळा आणल्या. पुढं पिढ्यान् पिढ्या मुलांनी शाळेत आपली भाषा बोलली म्हणून मार खाल्ला. जमिनी आधीच गेल्या होत्या आणि जात होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक कामासाठी शहरात गेले. कोणी म्हणेल, "आजोबांनी मार खाल्ला म्हणून नातू गांजा ओढतो काय?" इतकं सरळ गणित नाही. पण ज्या शाळेनं आजोबाला गप्प केलं, बापाला मजूर ठरवलं, ती नातवाला आपली वाटत नसेल तर नवल कसलं?

माओरी मानसोपचारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी १९८० च्या दशकात आरोग्याची व्याख्याच घराच्या रूपात मांडली. चार भिंती: शरीर, मन, आत्मा आणि कुटुंब. पाया जमिनीचा. एक भिंत ढासळली की घर कलतं. पोराला नुसती गोळी देऊन किंवा नुसतं समुपदेशन करून भागत नाही, हे ते सांगत होते.

आता सरकारचा ढोंगीपणा बघा. काळजी घेणारी माणसं आहेत, पण अनेक केंद्रांत शिकवणारे प्रशिक्षित शिक्षकच नाहीत. पैसा तोकडा. फार थोडी मुलं पुढच्या शिक्षणाला लागणारी पात्रता मिळवतात. सोळावं सरलं की योजना संपली. म्हणजे जखम मुख्य शाळेनं करायची, मलमपट्टी स्थानिक संस्थांनी करायची, आणि पट्टीचे पैसेही पुरेसे द्यायचे नाहीत.

आपला प्रश्न आणि माओरींचा प्रश्न एक नाही. त्यांचा देशच हातातून गेला. आपण भाषावार प्रांतरचनेत चुकीच्या बाजूला पडलो. पण एक गोष्ट त्यांच्याकडून घ्यायलाच पाहिजे. आपण १९५६ सांगतो, महाजन अहवाल सांगतो, २००४ चा सुप्रीम कोर्टातला दावा सांगतो. सांगायलाच पाहिजे. घटनेचं कलम ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याबद्दल बोलतं, तेही मागायलाच पाहिजे. पण नववीत शाळा सुटलेला आपला पोरगा कुठल्या ठरावात आहे? मोर्चाला गर्दी पाहिजे तेव्हा तो 'कार्यकर्ता', एरवी 'वाया गेलेला'. फलकावरच्या मराठीसाठी आपण रस्त्यावर उतरतो, मग मराठी बोलणाऱ्या पोराच्या झोपेची, व्यसनाची, मनाची चौकशी कोण करणार?

१९७२ साली माओरी भाषेसाठी ३०,००० वर सह्यांचं निवेदन संसदेत नेलं, त्यात पुढं होती 'न्गा तामातोआ' ही तरुणांची संघटना. १९८२ पासून समाजानं स्वतः भाषेच्या बालवाड्या उभ्या केल्या. १९८७ मध्ये कायद्यानं माओरी अधिकृत भाषा झाली. क्रम लक्षात घ्या. आधी माणसं उभी राहिली, कायदा मागून आला.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक युवा शाखेनं आपल्या गावात शाळा सोडलेल्या पोरांची नावं माहीत करून घ्यावीत. फोटोसाठी नको, त्यांच्या घरी जाण्यासाठी. विचारायचं, "काय चाललंय बाबा?" आणि उत्तर संपेपर्यंत ऐकायचं. सीमा नकाशावर असते, हे खरं. पण ज्या पोरांसाठी आपण ती बदलायला निघालोय, ती आज कशी आहेत हे आपल्याला माहीत नसेल, तर हा लढा नेमका कोणासाठी?