नावांचं देणं

इराकमधल्या बसरा स्मारकावर पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर पडलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांचं स्मरण आहे. १९२९ साली त्याचं अनावरण झालं. ब्रिटिश सैनिकांची नावं तिथे कोरली गेली. भारतीयांपैकी मात्र फक्त अधिकाऱ्यांची. साध्या शिपायांची पलटणवार केवळ संख्या.

त्या संख्येत आपली माणसं आहेत. मेसोपोटेमियातल्या कुत शहरात तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडलं आणि हजारो भारतीय शिपाई तुर्कांचे कैदी झाले. अनेक जण परतलेच नाहीत.

ही असमानता राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये मान्य केली आणि माफी मागितली. म्हणूनच हा विषय आज घ्यावासा वाटला. या अंकात लढायांचे डावपेच कमी आहेत. स्मारक कोण उभारतं, त्यावर कोणाचं नाव येतं आणि कोणाचं राहून जातं, याचा शोध आम्ही घेतला आहे. बसऱ्यापासून साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातल्या स्मारकापर्यंत हा शोध जातो.

तुमच्या गावच्या चावडीत किंवा वेशीवर १९१४-१९१९ ची शिळा असेल, घरात एखादं पदक वा पत्र असेल, तर आम्हाला जरूर कळवा. नाव ठाऊक असेल, तर तेही लिहा. ते आम्ही छापू.