रॅली काढा, पण आधी घरच्यांना विचारा

जवानाला वीरमरण आलं की पार्थिव पोचायच्या आधी ग्रुपवर मेसेज फिरतो, "सकाळी आठला फाट्यावर जमा, गाड्या घेऊन." बघता बघता मोटारसायकलींची रांग लागते. पुढं फुलांनी सजवलेली गाडी, मागं आपली पोरं, हातात तिरंगा, तोंडी "अमर रहे". मी अशा रॅलींना गेलोय आणि पुढंही जाणार. कामधंदा टाकून, पदरचं पेट्रोल घालून पोरं येतात, ही साधी गोष्ट नाही.

पण काही गोष्टी बोलल्याच पाहिजेत. सायलेन्सर काढलेल्या गाड्या, ट्रिपल सीट, डोक्यावर हेल्मेट नाही, एका हातात हँडल आणि दुसऱ्यात रील चालू. घरात त्या जवानाची आई बसलेली असते. तिच्या कानावर आधी आपली इंजिनं आदळतात, मग घोषणा. हे तिला हवं होतं का, असं कुणी विचारलेलं नसतं.

अमेरिकेत पॅट्रियट गार्ड रायडर्स नावाची मोटारसायकलवाल्यांची संघटना आहे. २००५ साली कॅन्सस राज्यात सुरू झाली. तिथं एका चर्चची माणसं सैनिकांच्या अंत्यविधीसमोर उभी राहून घाणेरड्या घोषणा द्यायची. घरच्यांना ते दिसू नये म्हणून हे रायडर झेंडे धरून मधे उभे राहू लागले. शिव्या ऐकू जाऊ नयेत म्हणून वेळप्रसंगी इंजिनंही रेस केली. पण त्यांचा नियम पक्का, कुटुंबानं बोलावलं तरच जायचं. आपल्याकडं जवानाला शिव्या देणारं कुणी नाही. मग आपण इंजिन कुणासाठी रेस करतो?

दुसरी गोष्ट. ते रायडर निवृत्त सैनिकाच्या अंत्यविधीलाही जातात. आपला नगर जिल्हा म्हणजे रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र असलेला, गावोगावी माजी सैनिक असलेला. ६५ आणि ७१ ची लढाई बघितलेली माणसं आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढं आहेत. त्यातला एखादा म्हातारा अंथरुणात गेला तर भाऊबंद आणि दोन-चार जुने फौजी एवढेच स्मशानात. तेव्हा ग्रुपवर मेसेज का फिरत नाही?

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. गर्दी तेराव्याच्या आत पांगते. नंतर त्या बाईला कुटुंब निवृत्तीवेतनासाठी मृत्यूचा दाखला, पीपीओ, आधार, बँकेचे कागद जुळवावे लागतात. एका कागदावर नाव वेगळं निघालं की परत फेरी. साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन मुलांची आई असताना परीक्षा आणि खडतर प्रशिक्षण पार करून २०१७ मध्ये स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. प्रत्येक वीरपत्नीला एवढं जमावं अशी अपेक्षा कुणी करू नये. पण उरलेलं आयुष्य तिला एकटीलाच उभं करायचं असतं, हे तरी ध्यानात ठेवा. मोटारसायकलचा खरा उपयोग तेव्हा आहे. नगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिला किंवा सासऱ्याला घेऊन जायला कुणीतरी पाहिजे.

हिवरे बाजारला नियम नवे नाहीत. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आपण ठरवली आणि पाळली. शेतीला बोअरवेल घ्यायची नाही हेही गावानंच ठरवलं. म्हणून पुढच्या ग्रामसभेत हे मांडावं असं माझं मत आहे :

१. घरच्यांचा होकार असेल तरच रॅली.
२. हेल्मेट सक्तीचं, ट्रिपल सीट नाही, हॉर्न नाही, रील नाही. वेशीवर गाड्या लावायच्या, पुढं पायी.
३. तिरंगा गाडीच्या टाकीवर गुंडाळायचा नाही. नंतर मोजून परत जमा करायचा.
४. निवृत्त सैनिकालाही हाच मान.
५. तेराव्यानंतर वर्षभर कागदपत्रांसाठी दोन तरुणांची नावं ठरलेली.

पहिल्या चार गोष्टींना एक दिवस लागतो, पाचवीला वर्ष. म्हणून पाचवीसाठी कोण तयार आहे ते खाली लिहा. आसपासच्या गावातली मंडळी असाल तर तुमच्याकडं काय पद्धत आहे तेही सांगा. फक्त "जय हिंद" लिहून पुढं जाऊ नका.