हनुवटीवरचा ठिपका आणि भरतीचा नियम

सैन्यभरतीची जाहिरात शेवटपर्यंत वाचली, तर उंची, वय, शिक्षण आणि धावणं यांच्या खाली गोंदणाबद्दल एक कलम सापडतं. कायमचं गोंदण हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला असेल तर चालेल. शरीरावर इतर कुठेही असेल तर उमेदवार पुढच्या निवडीतून बाद. आदिवासी उमेदवारांच्या चेहऱ्यावर वा अंगावर त्यांच्या रूढीप्रमाणे गोंदण असेल, तर एकेकाचा वेगळा विचार होईल. हे कलम स्त्री-पुरुषांना सारखंच लागू आहे आणि माझा आक्षेप तिथेच आहे. सर्वांना सारखा दिसणारा नियम सर्वांवर सारखा बसतोच असं नाही, हे आपण साऱ्याजणी अनेक बाबतींत अनुभवून चुकलो आहोत.

एके काळी हा प्रश्न काल्पनिक वाटला असता. सैन्यातली बाई म्हणजे डॉक्टर किंवा नर्स. 1992 पासून इतर शाखांत स्त्रिया अधिकारी म्हणून जाऊ लागल्या, पण त्या बहुतेक शहरी, शिकलेल्या घरांतल्या. 2019 साली लष्करी पोलिसांत शिपाई म्हणून मुलींची भरती सुरू झाली आणि 2021 मध्ये 83 जणींची पहिली तुकडी बंगळुरूहून प्रशिक्षण संपवून बाहेर पडली. 2022 पासून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुली शिकू लागल्या. शिपायाच्या दर्जावर दार उघडलं, तसा खेड्यातल्या मुलीचा सैन्याशी संबंध आला. आणि खेड्यातली मुलगी आली की तिच्याबरोबर तिचं गोंदणही आलं.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलींच्या गटाबरोबर मी काही काळ काम करते आहे. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर धावणाऱ्या या मुलींपैकी एकीने मला विचारलं, ''ताई, हे चालंल का?'' आणि हनुवटीवर बोट ठेवलं. हिरवट निळा एकच ठिपका. ती पाच वर्षांची असताना आजीने जत्रेत गोंदवून घेतला होता. तिची आई म्हणते, लेसरने काढून टाकू. आजी म्हणते, बाईच्या अंगावरचं गोंदण काढायचं नसतं. मुलीने अजून अर्ज केलेला नाही. ती आदिवासी नाही, त्यामुळे नियमाच्या शब्दांत तिच्या ठिपक्याला जागा नाही.

आता पुरुषांच्या गोंदणाकडे पाहू. सातारा-कोल्हापूरकडे घराघरांतून माणसं फौजेत गेली आहेत. तिथल्या एका निवृत्त सुभेदारांशी मी याबद्दल बोलले. त्यांच्या उजव्या हातावर आतल्या बाजूला 'आई' आहे. ''पहिल्या सुट्टीत जत्रेत काढून घेतलं. आमच्या तुकडीत निम्म्या जणांच्या हातावर काही ना काही होतं. कुणाचं नाव, कुणाचा ओम, कुणाचा खंडा. साहेब लोक काही म्हणत नसत,'' ते म्हणाले. मुलींच्या गोंदणाबद्दल विचारलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ''वर्दीत चेहरा साफ पाहिजे.'' लष्करी रुग्णालयात आयुष्य काढलेल्या एका निवृत्त नर्सबाईंनी मात्र वेगळंच सांगितलं. ''वॉर्डात जवानांच्या हातावर सगळी बायकांचीच नावं असायची, आईचं, बायकोचं, बहिणीचं. बायका हातावर होत्या, वॉर्डात मात्र आम्हीच.''

या दोन उत्तरांत मला बरंच दिसतं. पुरुषाचं गोंदण बहुधा त्याने स्वतः मागून घेतलेलं असतं, वयात आल्यावर, मित्रांच्या संगतीत, दंडाला किंवा हाताला. काही समाजांत तर ते पराक्रमाचं पदक असे. नागालँडमधल्या कोन्याक योद्ध्याच्या चेहऱ्यावर गोंदण येई ते शत्रूचं शिर आणल्यावर. बाईचं गोंदण तिने काय केलं हे सांगत नाही. ती कोणाची, कुठल्या घरची, लग्नाला आली का, हे सांगतं. आपल्याकडे कपाळ, गाल, हनुवटी यांवर ठिपके, हातावर तुळशीवृंदावन, कमळ, विंचू, रामसीता. काजळी आणि सुया घेऊन गोंदणारीण दारात यायची, घरातल्या मोठ्या बायका मुलीला धरून बसायच्या. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, पण हातावर ते कायमचं वागवायचं. त्याने टाकलं तरी, तो गेला तरी, नाव तिथेच. मेल्यावर दागिने मागे राहतात, गोंदण तेवढं बरोबर जातं, ही समजूत आपल्या आज्यांनी किती मायेने सांगितली! ज्या बाईच्या नावावर जमीन नाही, घर नाही, तिची एवढीच मालमत्ता.

म्हणजे ज्या जागा नियमाने 'चालतील' म्हणून ठरवल्या, त्या प्रामुख्याने पुरुषाच्या गोंदणाच्या जागा आहेत. बाईचं गोंदण चेहऱ्यावर आहे, कारण ते इतरांनी पाहावं म्हणूनच काढलेलं असतं. केंद्रीय सुरक्षा दलांचा नियम तर याहून बारकाईने लिहिला आहे. धार्मिक चिन्ह आणि नाव चालेल, पण हाताच्या आतल्या बाजूला असेल तर फक्त डाव्या हातावर, कारण सलामी उजव्याने देतात. शिवाय ते त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून लहान हवं. इथेही मनात धरलेलं शरीर पुरुषाचंच.

आदिवासींसाठी सवलत आहे, तिचं मी स्वागतच करते. मध्य प्रदेशातल्या बैगा स्त्रियांच्या कपाळापासून पायापर्यंत गोंदण असतं. त्यांच्या मुलींना निदान अर्ज तरी करता येईल. पण रूढी काय फक्त आदिवासींनाच असतात? छत्तीसगडमधल्या रामनामी समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अंगभर रामाचं नाव गोंदवून घेतलं, कारण अस्पृश्य म्हणून त्यांना देवळाचं दार बंद होतं. ते आदिवासी नव्हेत, म्हणून सवलतीत नाहीत. धनगर, मराठा, मातंग, महार, कुणब्यांच्या घरांतल्या हनुवटीवरच्या ठिपक्यांचंही तेच.

नियमामागे कारणं नाहीत असं नाही. गणवेशात सारखेपणा हवा, शिवीगाळ किंवा द्वेषाचा मजकूर अंगावर घेऊन कुणी शस्त्र हाती धरू नये, हे कुणालाही पटेल. एकच सुई अनेकांना वापरली तर कावीळ ब आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो, हेही खरं. पण संसर्ग रक्ततपासणीत कळतो, ठिपक्याच्या जागेवरून नव्हे. आणि मजकूर तपासायचा तर मजकूर तपासा. अमेरिकेच्या लष्कराने 2022 साली हातावर, मानेमागे आणि कानामागे लहान गोंदणाला परवानगी दिली. द्वेषाच्या आणि अश्लील मजकुरावरची बंदी मात्र कायम ठेवली. हनुवटीवरचा एक ठिपका कुणाचा द्वेष करतो? त्याने नेम चुकतो की धाव मंदावते?

वर्दी आणि बाईची कातडी यांचं नातं आपल्या देशात एका फार वाईट प्रसंगातही दिसलं आहे. 1993 च्या डिसेंबरात अमृतसरमध्ये पोलिसांनी चार स्त्रियांच्या कपाळावर 'जेबकतरी' असं गोंदवलं. दोषी पोलिसांना शिक्षा व्हायला 2016 साल उजाडलं. वर्दीला बाईच्या कपाळावर लिहिण्याचा हक्क वाटला, तो कुठून आला? बाईची त्वचा ही दुसऱ्यांनी लिहायची पाटी, या समजुतीतून. आजीचा ठिपका आणि पोलिसांचा शिक्का यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एकात माया आहे, दुसऱ्यात क्रौर्य. पण ज्या अंगावर लिहिलं जातं तिला कुणी विचारत नाही, एवढी एक गोष्ट दोन्हींत सारखी आहे.

म्हणून सगळा दोष भरतीच्या नियमावर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. पाच वर्षांच्या मुलीला धरून बसवणारे हात आपलेच असतात. परंपरेची कला म्हणून गोंदणाचं कौतुक जरूर करावं, मीही करते. पण ते मुलीने अठरा वर्षांची झाल्यावर, स्वतःच्या मनाने घ्यावं. आज शहरांतल्या मुली दुकानात जाऊन पक्षी, तारा, स्वतःचं नाव काढून घेतात आणि घरी बोलणी खातात. ज्या घरांत आजीच्या अंगावर हातभर गोंदण आहे, त्याच घरांत! बाईने स्वतः निवडलेली खूण खटकते, तिच्यावर काढलेली खटकत नाही.

काही मैत्रिणी म्हणतील, सैन्यात जाणं हेच मुळी स्त्रीमुक्तीचं ध्येय आहे का? हा वाद जुना आहे आणि महत्त्वाचा आहे. युद्धाला आणि बंदुकीच्या राजकारणाला माझाही विरोध आहे. पण त्या वादाचा निकाल लागेपर्यंत पहाटे पाचला धावणाऱ्या मुलीने घरी बसावं, असं मी म्हणू शकत नाही. तिच्यासमोर पर्याय दोनच आहेत. एक भरती, दुसरं ठरत आलेलं लग्न. नोकरी नाकारायची तर तिने नाकारावी, ठिपक्याने नव्हे.

माझं मागणं साधं आहे. लहानपणी दुसऱ्यांनी काढलेल्या पारंपरिक गोंदणाला, मग ते कोणत्याही जातीजमातीचं असो आणि शरीरावर कुठेही असो, भरतीत तीच सवलत मिळावी जी आदिवासींना आहे. ज्याला बंदी घालायची त्या मजकुराची यादी छापावी, बाकीचं सोडून द्यावं. लेसरचा खर्च आणि वेदना मुलीच्या माथी मारू नये. आणि आपण आपल्या घरात, जत्रेला निघताना, कडेवरच्या मुलीकडे एकदा पाहावं. तिची हनुवटी कोरी राहू द्यावी. त्यावर काय लिहायचं, की काहीच लिहायचं नाही, ते मोठी झाल्यावर तिचं ती ठरवेल.