टीबी समजून दिलेल्या गोळ्या

पोट दुखतं, वजन उतरतं, रक्त कमी. बिगारी करणारा आपला माणूस दवाखान्यात गेला की आधी ॲसिडिटीची गोळी, मग लोहाची. शेवटी आतड्याचा टीबी समजून सहा महिन्यांचा कोर्स. टीबी आपल्या वस्त्यांत आहेच, म्हणून अंदाज अगदीच खोटा नाही. पण तुकडा न तपासता, दोन महिन्यांत फरक नसतानाही तीच औषधं चालू ठेवणं म्हणजे निदान नव्हे. गरिबी बघून आजार ठरवणं झालं ते.

लहान आतडं सुमारे 6 मीटर लांब. पचनमार्गाच्या कॅन्सरपैकी 5 टक्क्यांहून कमी तिथे होतात, म्हणून डॉक्टरांच्या लवकर डोक्यात येत नाहीत. तोंडातून घातलेली साधी दुर्बीण सुरुवातीच्या भागापर्यंत जाते, खालून घातलेली शेवटच्या टोकाशी थांबते. तेव्हा 'दुर्बिणीत काही नाही' याचा अर्थ मधलं आतडं बघितलंच नाही. त्यासाठी सीटी एन्टेरोग्राफी, कॅप्सूल किंवा बलूनची दुर्बीण लागते. आतडं अरुंद झालं असेल तर कॅप्सूल अडकते, म्हणून आधी स्कॅन.

फुले जन आरोग्य योजना दाखल रुग्णाच्या ठरलेल्या उपचारांसाठी आहे. आजाराचं नाव सापडेपर्यंतच्या चकरा, बुडालेली मजुरी कोण देणार? संविधानाचं कलम 47 सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य मानतं.

जयंतीला आपण रक्तदान शिबिरं घेतो, घ्यावीतच. सोबत जिल्हा रुग्णालयात माहिती अधिकाराचा अर्जही टाका: या तपासण्या इथे होतात का? नसतील तर रुग्णाला कुठे पाठवता, आणि भाडं कोण देतं?