मनोरुग्णाची शुश्रूषा

चेन्नईच्या दक्षिणेस, महाबलीपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर पेरुंगुडी हे उपनगर वसले आहे. २०११ साली ते चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाले. आज तेथे संगणक उद्योगाच्या कचेऱ्या व मोठी रुग्णालये आहेत आणि निरनिराळ्या प्रांतांतील माणसे तेथे नोकरीसाठी येऊन राहतात. परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या आमच्या भगिनींना अशा नगरांत शरीराच्या रोग्यांबरोबर मनाचे रोगीही भेटतात. ताप तापमापकावर कळतो. मनाचा आजार मात्र रोग्याच्या बोलण्यावागण्यावरूनच ओळखावा लागतो. म्हणून परिचारिकेचे डोळे आणि कान हीच येथील पहिली साधने होत. रोग्याची मातृभाषा परकी असेल, तर ती जाणणारे माणूस अवश्य बोलवावे. दुःख आणि भय माणूस आपल्याच भाषेत नीट सांगू शकतो.

याच शहरात किलपॉक येथे मनोरुग्णांचे जुने शासकीय रुग्णालय आहे. त्याचा उगम १७९४ साली निघालेल्या आश्रयगृहात आहे. पूर्वीच्या काळी रोग्याला कोंडून ठेवणे हाच बहुधा उपचार असे. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमझीन हे औषध मनोविकारांवर वापरले गेले आणि ही स्थिती पालटू लागली. डॉ. शारदा मेनन १९६१ पासून किलपॉकच्या रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. रोग्याने घरी राहून उपचार घ्यावे, यासाठी त्यांच्या कारकीर्दीत तेथे बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. पुढे १९८४ साली त्यांनी छिन्नमनस्कतेच्या रुग्णांसाठी चेन्नईतच ‘स्कार्फ’ ही संस्था स्थापन केली.

परंतु औषधे आली म्हणून साखळ्या आपोआप गळून पडल्या नाहीत. तामिळनाडूतीलच एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे एका खाजगी आश्रयस्थानास आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रोग्यांना पळता आले नाही. २८ जण प्राणास मुकले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे. विजेचा उपचारही भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यावाचून करता येत नाही. कायद्याचे हे शब्द प्रत्यक्षात आणणे पुष्कळ अंशी परिचारिकेच्याच हाती असते.

ते कसे? रोग्याला भास होत असतील, कोणी आपला घात करणार असे वाटत असेल, तर त्याच्याशी वाद घालू नये. त्याच्या समजुतीला होकारही देऊ नये. “तुम्हांला भीती वाटते आहे, मी येथेच आहे,” एवढे शांतपणे म्हणावे. औषध गिळले की गालात धरून ठेवले, हे पाहावे. हात कापणे, मान वा जबडा आखडणे, सारखी येरझारा घालणे हा हट्ट नसून औषधाचा परिणाम असू शकतो. तो तत्काळ डॉक्टरांच्या कानी घालावा.

विषण्णतेवरील औषधांचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात. कधी मनावरचे मळभ दूर होण्यापूर्वीच अंगात शक्ती येते. अशा वेळी आत्मघाताचा धोका वाढू शकतो. रोगी जरा हिंडूफिरू लागला म्हणून पहारा सैल करू नये. आत्मघाताचे विचार मनात येतात काय, हे स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने ते विचार मनात भरत नाहीत.

उन्मादावर दिल्या जाणाऱ्या लिथियमची कथा निराळी. गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते. चेन्नईच्या उन्हाळ्यात घाम फार जातो. जुलाब झाले वा रोग्याने पाणी व मीठ एकाएकी कमी केले, तर रक्तातील लिथियम वाढते. हात जोराने थरथरणे, उलट्या, झोकांड्या जाणे, बोलणे अडखळणे ही धोक्याची चिन्हे होत. ती दिसताच पुढची मात्रा न देता डॉक्टरांना बोलवावे आणि रक्ततपासणी करवून घ्यावी.

रोगी घरी निघाला म्हणजे शुश्रूषा संपली असे मानू नये. बरे वाटू लागताच औषध सोडून देणे, हे आजार उलटण्याचे एक मुख्य कारण आहे. म्हणून आई, पत्नी, भाऊ, जो कोणी घरी सांभाळणार असेल, त्याला औषधाची वेळ, पुढील तपासणीची तारीख आणि आजार उलटत असल्याची पहिली खूण समजावून द्यावी. झोप उडणे ही पुष्कळदा ती खूण असते. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांकही लिहून द्यावा. ही सेवा विनामूल्य असून अहोरात्र चालू असते. परमुलखात राहणाऱ्या कुटुंबाला अडीअडचणीच्या रात्री या क्रमांकाचा मोठा आधार होईल.